सेवदामावशीपुढे ठेवलेला मायक्रोफोन

मी एक जुना, जाडजूड मायक्रोफोन आहे, मित्रांनो. माझ्या पोटात ॲल्युमिनियमची एक पट्टी लटकते, केसाहूनही पातळ. मला जिने घडवलं, ती बाई ही पट्टी बसवताना श्वास रोखून धरायची. या पट्टीमुळे मला समोरचं ऐकू येतं, पाठीमागचंही येतं. पण कडेला उभं राहून कोणी कितीही ओरडलं, तरी मी जवळजवळ बहिराच.

रेडिओकेंद्रात सुरुवातीला माझा थाट होता. गायक माझ्यापुढे केस नीट करून उभे राहत. मग बोटाएवढे सडपातळ नवे मायक्रोफोन आले आणि लोक मला 'ठोकळा' म्हणू लागले. नऊ वर्षं मी कपाटात फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला होतो.

मला बाहेर काढलं दोब्रिनाने. ती केंद्रातली ध्वनिमुद्रक, चाळिशीची, कमी बोलणारी. रोदोपीच्या डोंगरातल्या एका गावातून तिला पत्र आलं होतं. तिथल्या सेवदामावशीच्या घशात गाठ झाली होती आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन होतं. आवाज राहील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. "त्याआधी आईचं गाणं नोंदवून घ्या," असं मुलीने लिहिलं होतं.

तसं मावशीचं गाणं दोनदा नोंदवलं गेलं होतं. पण त्यात ऐकू यायचा तो तिचा नवरा मनोल. तो गायदा वाजवायचा. गायदा म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी काखेत दाबून वाजवायचं वाद्य. एकदा ते सुरू झालं, की समोरच्या डोंगरावरची मेंढरं मान वर करत. अशा आवाजापुढे मावशीचा मऊ, खालच्या पट्टीतला गळा कुठे टिकणार?

गावाने सभागृह झाडून ठेवलं होतं. दोब्रिनाने मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी छतावरून, भिंतींवरून चारदा परत आली. "इथे नको," ती म्हणाली. मग तिने मावशीच्या घरातली खोली निवडली. तिथे भिंतींवर लोकरीच्या जाड घोंगड्या टांगलेल्या होत्या आणि टाळी जागच्या जागी विरून जात होती.

मावशीपासून दोन हात लांब, तिच्या हनुवटीच्या किंचित वर तिने मला ठेवलं. मग ती मनोलला म्हणाली, "काका, तुम्ही इकडे, याच्या कडेला. चार पावलं मागे."

मनोलने माझ्याकडे निरखून पाहिलं. "याचं तोंड तर तिच्याकडे आहे."

"हो."

"मग मी काय पहाऱ्याला उभा आहे? आजवर सगळे माझा गायदा ऐकायला आले, पोरी. ही बरोबर असते म्हणून गाते." त्याने पिशवीतली हवा सोडून दिली आणि तो दाराकडे निघाला.

मावशी शांतपणे रुमालाची गाठ सारखी करत म्हणाली, "अहो, तेहेतीस वर्षं तुम्ही पुढे उभे राहिलात. मी कधी दाराकडे गेले का?"

मनोल थांबला. मग तो पुटपुटत माझ्या कडेला येऊन उभा राहिला.

मावशी गाऊ लागली. तो आवाज माझ्या पट्टीवर असा आला, जसा ओल्या लोकरीवरून हात फिरावा. गायदाही येत होता. पण भिंतींना लागून, निवून, दरीपलीकडून आल्यासारखा. इतकी वर्षं कपाटात पडून राहिलो त्याचं दुःख मी त्या घटकेला विसरलो.

गाणं संपल्यावर दोब्रिनाने टेप मागे घेऊन लावली. मनोल हाताची घडी घालून बसला होता. लग्नात गायचं नेहमीचंच ते गाणं. तिसरं कडवं आलं, तसा तो पुढे वाकला.

'फुंकून फुंकून, दादला माझा, गाल त्याचे फुगले,
घरी चुलीवर, बायांनो, माझे घेवडे करपले.'

"हे काय?" मनोल म्हणाला. "हे गाण्यात कधीपासून?"

"आपल्या थोरल्याच्या बारशापासून," मावशी म्हणाली.

"म्हणून इथे लोक हसतात? मला वाटायचं, माझं वाजवणं रंगतंय."

"तेही रंगायचं हो."

तो काही बोलणार, तोच पुढचं कडवं आलं.

'थांब म्हणू नका कुणी त्याला, थांबला तर हो काय,
सुना सुना डोंगर घेऊन एकटी करू मी काय.'

मनोलने मान खाली घातली. वाद्य त्याच्याच कानाशी वाजायचं, त्यामुळे तेहेतीस वर्षांत बायकोचे शब्द त्याच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते. "परत लाव," तो म्हणाला. दोब्रिनाने तीनदा लावलं. मग कॉफी आली आणि ती त्याने स्वतः उठून मावशीच्या हातात दिली.

ऑपरेशनमधून मावशी वाचली. आवाज मात्र गेला. उरली ती फक्त कुजबुज.

दोन वर्षांनी दोब्रिना मला घेऊन त्याच खोलीत गेली. या वेळी मनोल एकटाच वाजवणार होता. मावशी शेजारी स्टुलावर बसली होती. वाजवता वाजवता तो मध्येच थांबला आणि तिच्याकडे वाकून म्हणाला, "बरं लागतंय ना?"

"वाजवा. ऐकतेय मी," मावशी कुजबुजली.

केंद्रातल्या साहेबांनी तेवढा तुकडा कापायला सांगितला. दोब्रिनाने कापला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या हाती आला, तर त्याच्यावर फुंकर मारून पाहू नका, बोटाने टकटक करू नका. आमची पट्टी तेवढ्यानेही फाटते. आणि त्याला उभा करण्याआधी खोलीभर एकदा सावकाश फिरा. मोठा आवाज तुम्हाला आपोआप सापडेल. जो सापडत नाही, तो कुठे बसला आहे ते बघा, आणि आम्हाला तिकडे वळवा.