एका फेऱ्याला एक पैसा

जळकोटात वीज आली त्या साली हसीनाबीच्या घरात एक बल्ब लागला, आणि तो लागला केवळ तिच्या सासूसाठी. सकिनाबीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसराही दिवस कलला की दगा द्यायचा. तिचा मुलगा चाँदपाशा सडकेच्या कामावर रोलर चालवायचा, तिकडंच तंबूत राहायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. आईसाठी त्यानं हौसेनं जोडणी घेतली, महिन्याच्या खर्चाचे पंचवीस रुपये बायकोच्या हातावर ठेवले आणि जाताना बजावलं, "अम्माला अंधारात ठिवू नको. पर बिल बेतानं येऊ दे. भरलं न्हाय तर तार कापून न्हेत्यात. गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हाणार न्हाय."

बेतानं म्हणजे किती, हे काही त्यानं सांगितलं नाही. नवरे असंच करतात. हुकूम सोडून मोकळे होतात आणि हिशेब बायकोच्या पदरात टाकतात.

पहिले आठ दिवस ईद असल्यासारखे गेले. सकिनाबी बल्बाखाली बसून तुरीची डाळ निवडायची, खडा सापडला की लहान पोरीसारखी हसायची. हसीनाबीला मात्र पहिल्या दिवसापासून बिलाचा घोर लागला होता. रॉकेलचं बरं असतं, बाटली डोळ्यांसमोर असते. अर्धी झाली की वात खाली करावी, संपली की गुमान झोपावं. विजेचं काय जळतंय आणि किती जळतंय, काहीच कळत नव्हतं. दिसत होतं ते फक्त दाराजवळच्या मीटरमधलं चाक, आणि ते फिरायचं.

शेवटी तिनं शेजारच्या पार्वतम्माला विचारलं. पार्वतम्माच्या घरी वीज नव्हती, अख्ख्या गल्लीतच दुसरी जोडणी नव्हती. पण तिची मावशी तुळजापुरात राहायची, आणि तेवढ्यावर पार्वतम्मा गावाला काहीही शिकवू शकत होती.

"त्या चाकावर तांबडी खूण हाय का? ती एकडाव समोर आली की एक पैसा."

"नवा का जुना?"

"नवाच धर," पार्वतम्मा उदारपणे म्हणाली.

त्या संध्याकाळी मगरिबची नमाज झाल्यावर हसीनाबी चिंचोक्यांची वाटी घेऊन मीटरसमोर बसली. तांबडी खूण आली की एक चिंचोका जमिनीवर. रात्रीच्या नमाजाची, इशाची बांग झाली तेव्हा तिनं मोजले. पासष्ट! पुन्हा मोजले, तरी पासष्टच. एका संध्याकाळचे पासष्ट पैसे, म्हणजे महिन्याचे साडेएकोणीस रुपये. हातात होते पंचवीस, त्यातून ज्वारी आणायची होती. तार कापणारी माणसं, दारात जमलेली गल्ली, नवऱ्याचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बल्ब काढला, जुन्या ओढणीत गुंडाळला आणि पेटीत घालून ठेवला.

"हसीना, बत्ती का लावंना झालीस?" दिवेलागणीला सासूनं विचारलं.

"लाइन गेलीया अम्मा. तार तुटली म्हनं कुठं तरी."

"तुटंल की. नवीन काम हाय," सकिनाबी म्हणाली आणि डाळ निवडायचं सूप बाजूला सारलं. तिनं इतक्या सहज विश्वास ठेवला की हसीनाबीला रडू आलं. रोज ती विचारायची, "आली का गं लाइन?" आणि रोज हसीनाबी न्हाय म्हणायची. चाक थांबलं होतं. पण जाता-येता ती मीटरकडं बघायची काही थांबत नव्हती.

बाराव्या दिवशी सांजेला हसीनाबी चिमणी चुलीपाशी ठेवून भाकरी थापत होती. सकिनाबी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूसाठी तांब्या घेऊन उठली. अंगणात उतरायला दगडी पायऱ्या तीनच, पण तिला दोनच वाटल्या असाव्यात. आधी तांब्या वाजला आणि मागोमाग किंकाळी आली. अणदूरचा हाडवैद्य येऊन बघून गेला. खुब्याचं हाड मोडलंय, म्हातारी आता पुन्हा चालायची नाही, असं त्यानं हसीनाबीला बाहेर बोलावून सांगितलं.

बघायला येणाऱ्या प्रत्येकीला सकिनाबी खाटेवरून सांगायची, "लाइन गेली हुती. त्याला पोर काय करंल?" ते ऐकताना हसीनाबीला वाटायचं, भुई दुभंगावी. चाँदपाशाला सांगावा गेला होता. तो शुक्रवारी येणार होता, आणि ती दिवस मोजत होती.

बुधवारी दुपारी मीटरवाला आला. हसीनाबी दाराआड उभी राहिली. त्यानं आकडे लिहून घेतले आणि हसला.

"बाई, महिन्यात एकच युनिट? बल लावताच की न्हाय?"

"किती पैसं?" तिनं कसंबसं विचारलं.

"अडीच रुपये."

"एवढंच? पर चाक तर..."

"चाक बाराशे फेरं फिरतंय तवा एक युनिट हुतंय. आन् अडीच रुपये तर कमीत कमी द्यावंच लागत्यात, जाळा न्हाय तर जाळू नका. झोपंपर्यंत रोज लावला असता तरी एवढंच आलं असतं."

हसीनाबीनं दाराची चौकट घट्ट धरली. तिला वाटलं, आता यानं जावं. पण तो भला माणूस जाता जाता मोठ्यानं म्हणाला, "भिऊ नका. लाइन चांगली हाय, जोडणी दिल्यापास्नं एक दिस गेली न्हाय."

आत खाट करकरली.

"हसीना," सकिनाबीनं हाक मारली. "काय म्हनला त्यो?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"लाइन चालूच हुती अम्मा. बल म्याच काढला. बिलाचं भ्या वाटलं."

माळवदाच्या त्या खोलीला खिडकी नव्हती, भर दुपारीही आत माणूस ओळखू येत नसे. सकिनाबी रडते आहे का, तेही हसीनाबीला कळेना.

"बल लाव," शेवटी आवाज आला.

हसीनाबीनं पेटी उघडली, स्टुलावर चढून बल्ब बसवला आणि खाली उतरून बटन दाबलं. खोली लख्ख झाली.

"आता हितं माझ्याम्होरं ये," सकिनाबी म्हणाली. "उजेडात बस. आन् एकडाव मला सांग, लाइन गेलीया म्हनून. सांगताना तुझं तोंड कसं दिसतंय, ते बघू दे मला."

हसीनाबी बटनापाशीच उभी राहिली. खाट चार पावलांवर होती, पण तिला पाय उचलवेना.