वापरणाऱ्यांची यादी

अंध मुलांच्या शाळेतल्या ब्रेलच्या बाईंनी आठ वर्षांपूर्वी एक प्रोग्रॅम लिहिला होता. साधं पुस्तक त्यात घातलं की ब्रेलमध्ये तयार होऊन मिळे. बाईंनी तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही फुकट घ्यावा, आतला कोड उघडून पाहावा, हवा तसा बदलावा.

मग सरकारी मसुदा आला. परवान्याशिवाय असा खुला प्रोग्रॅम वाटायचा नाही, आणि सरकारी मदतीवरच्या संस्थांनी तर वापरायचाही नाही. हरकती महिनाभरात कळवा.

त्याच रविवारी भावजी जेवायला आले. बाईंचे धाकटे दीर, मसुदा काढणाऱ्या खात्यातच हेडक्लार्क. एरवी वर्षवर्ष तोंड न दाखवणारा माणूस स्वतःहून ताटं मांडू लागला, तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"वहिनी, तुमचा तो प्रोग्रॅम कोण कोण वापरतं हो?"

"कशाला?"

"सहज. यादी असेल तर माझ्याकडे द्या. आमची समिती म्हणते, असलं काही कुणी वापरतच नाही."

"यादीबिदी काही नाही," म्हणत बाईंनी त्यांना भात वाढला.

त्यानंतर भावजींचे दोन फोन आले. बाईंनी उचलले नाहीत. नवऱ्यालाही त्यांनी हटकलं, "तू काही बोलला नाहीस ना त्यांच्याकडे?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बोलणार काय, कपाळ?"

पण 'कुणी वापरतच नाही' हे बाईंना झोंबलं होतं. त्यांनी ठिकठिकाणी पत्रं पाठवली, उत्तरं गोळा केली. एक्केचाळीस शाळा, सहा वाचनालयं. नावापत्त्यांची यादी घेऊन त्या स्वतः खात्यात गेल्या, भावजींच्या टेबलावरून मान वळवून पुढे झाल्या, आणि हरकतींच्या खिडकीवर कागद देऊन शिक्क्याची पोच घेतली.

पंधरा दिवसांत यादीतल्या सरकारी मदतीवरच्या चौदा शाळांना नोटिसा गेल्या. हा प्रोग्रॅम कुणाच्या परवानगीने बसवला? जबाबदार व्यक्तीचं नाव सात दिवसांत कळवा. एका शाळेच्या पत्त्यात बाईंकडून पिनकोड चुकला होता. नोटिशीवरही तोच चुकीचा पिनकोड होता.

बाईंनी तणतणत भावजींना फोन लावला. "माझीच यादी फिरवलीत ना?"

"माझ्याकडे यादी होती कुठे, वहिनी? खिडकीवरचा कागद थेट तपासणीवाल्यांकडे जातो. म्हणून तर मी मागत होतो. नावं झाकून नुसता आकडा फायलीला लावला असता."

"मग तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं?"

"नोकरी करतो मी तिथं," भावजी हळूच म्हणाले.

खरं की सारवासारव, बाईंना ठरवता येईना. त्यांनी चौदाही मुख्याध्यापकांना फोन केले. दोघांनी चांगलंच फैलावर घेतलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांना एकच सांगितलं, "जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव लिहा."

आठवड्याने बाईंना सुनावणीचं बोलावणं आलं. संध्याकाळी भावजी दारात उभे.

"वहिनी, मी येऊ बरोबर?"

बाईंनी दार पूर्ण उघडलं.

"या. पण माझ्या शेजारी बसायचं. त्यांच्या बाजूला नाही."

"सुनावणीच्या दिवसाची रजा टाकूनच आलोय," भावजी म्हणाले. बाईंनी रजेच्या अर्जाची प्रत दाखवायला सांगितली, आणि त्यांनी ती खिशातून काढून दिली.