खळीने चिकटवलेले तात्पर्य

मी एक जुने गोष्टीचे पुस्तक आहे, आणि मी रागीट आहे. मित्रांनो, जुनी पुस्तके प्रेमळ असतात असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर ते विसरा.

माझ्या पोटात दोन सुतार भावांची गोष्ट आहे. त्यांचे भांडण होते आणि धाकटा घर सोडून जातो. थोरला त्याचे नावही काढत नाही, पण रोज जेवायला दोन ताटे मांडतो. छापखान्यातून निघाले तेव्हा मी शेवटापर्यंत धड होते. मग शाळेत आले आणि ग्रंथपालबाईंच्या तावडीत सापडले. बाई प्रत्येक गोष्टीच्या शेवटी पिठाच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवत. माझा शेवटचा परिच्छेद त्यांनी असाच बुजवला आणि वर ठळक अक्षरांत लिहिले, 'तात्पर्य : भावाभावांनी भांडू नये.' मुले तेवढेच उतरवून घेत आणि मला मिटून टाकत.

एके दिवशी एका मुलीने मला पहिल्या पानापासून वाचले. तिचा बहिणीशी अबोला होता.

"बाई, तो दोन ताटं का मांडतो?"

"खाली तात्पर्य दिलंय ना? ते वाच."

"ते तर कसं वागायचं ते सांगतंय. गोष्ट त्याबद्दल नाहीये. रागावलेला माणूससुद्धा वाट बघतो, त्याबद्दल आहे."

"अगं, तो झाला आशय. परीक्षेत तात्पर्य विचारतात!"

"मग शेवटी ते भेटतात का, तेवढं तरी सांगा ना."

"एवढ्या पुस्तकांतलं मला काय आठवतंय!"

मुलगी रडवेली झाली. तिने नखाने पट्टी उचकटायला घेतली, तशी बाईंनी मला हिसकावले आणि खालच्या कपाटात डांबले.

तिथे मी सूड घ्यायचे ठरवले. कपाटात कसर होती, म्हणजे पुस्तके खाणारे चंदेरी किडे. खळ हा त्यांचा जीव की प्राण. मी म्हटले, "या, बसा, पोटभर जेवा!" आधी 'तात्पर्य' गेले, मग 'भांडू नये' गेले. जशास तसे! एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

परीक्षा संपल्यावर कपाट उघडले. बाईंच्या हातात कोमट पाण्याची वाटी आणि कापूस होता. शेजारी ती मुलगी उभी होती.

"हळूच ओली करून काढू," बाई म्हणाल्या. "तू डोक्यात भुंगा सोडलास. आता मलाही तो शेवट बघायचाय."

त्यांनी पान उलटले. पट्टी नव्हती, आणि तिच्याखालचा माझा परिच्छेदही नव्हता. कसरीने दोन्ही फस्त केले होते.

"मग भेटले की नाही?" मुलीने विचारले. बाईंनी पाण्याची वाटी खाली ठेवली.

मित्रांनो, पुस्तकांच्या तोंडाला खळ लावू नका, एवढेच मागणे आहे. बाईंना मी माफ केलेले नाही, करणारही नाही. माझे तात्पर्य तुम्हाला हवे तर खुशाल लिहा. त्या मुलीला मात्र मी काय सांगू? ते दोघे भेटले की नाही, हे आता मलाच ठाऊक नाही.