पालथी पितळी

मी पितळी बोलतेय. ताट म्हणा हवं तर, पण कोकणातल्या माणसाला विचारा, उंच काठाच्या ताटाला तो पितळीच म्हणणार. लालबागेत एका चाळीच्या तळमजल्यावर सुंदराबाईची खानावळ आहे, तिच्या फळीवर मी असते. चार वर्षं झाली, माझ्यात कुणी भात कालवलेला नाही. पितळेच्या जातीला याहून मोठं दुःख नाही, बघा.

माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी एक नाव कोरलंय, 'शांता'. तिच्या लग्नात मामानं मला आंदण दिली. पुढं तिचा नवरा गणपत गिरणीत मागाचे साचे चालवायला मुंबईला निघाला, तेव्हा तिनं मला त्याच्या वळकटीत खुपसली. म्हणाली, "हेच्यात जेवा. म्हंजे मी वाढलंय असा वाटात."

झालं! खानावळीतल्या बावीस जणांना चिडवायला विषयच मिळाला. "गणपत बायकोच्या मांडीवर जेवता!" गणपत हसायचा नि कुळथाची पिठी भातावर ओतायचा. केसांत कापूस, हाताला तेलाचा वास. जेवायला बसण्याआधी माझ्या काठावर अंगठ्यानं तीनदा टिचकी मारायचा. का, ते कधी कळलं नाही. पण मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमची गल्ली म्हणजे भोंग्यावर चालणारी. एक पाळी आली की दुसरी गेली. नळावर बायकांची भांडणं, संध्याकाळी मृदंग, पोरांच्या आट्यापाट्या, नि सगळ्यांची सगळ्यांना खबर. कुणाच्या घरी कागद आला तर वाचायला दहा डोकी जमायची. आणि त्या दिवसांत जो तो एकच ओरडायचा, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! एकदा बायकांच्या मोर्च्यात सुंदराबाई मलाच घेऊन गेली, नि पळीनं अशी बडवली की बुडाला पोचा पडला. तो अजून आहे. त्या पोच्याचा मला अभिमान वाटायचा.

आता खानावळीची रीत सांगते, कारण सगळं तिथंच अडलंय. जेवून गेल्यावर सुंदराबाई पितळ्या घासून, पुसून फळीवर उताण्या मांडायची. कुणाला गावाला जायचं असलं की त्यानं जाताना आपल्या हातानं आपली पितळी पालथी घालायची. पालथी दिसली की बाई त्याचा तांदूळ धरत नसे. कुणी सांगायला नको, कुणी विचारायला नको. दुसऱ्याची पितळी पालथी घालायची नाही, हा नियम. सुंदराबाई विधवा बाईमाणूस, लिहितावाचता येत नाही, पण त्या फळीवर तिची अख्खी खानावळ तिला वाचता यायची.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर ऐकलं नि गल्ली पेटली. गिरण्या बंद पडल्या. त्या दुपारी बाईनं माझ्यात गणपतचा भात वाढला होता, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. गणपत उठला. त्यानं टिचकी मारली, तीनदा नाही, एकदाच.

"बाय, माझो भात झाकून ठेय. आत्ता येतंय."

"जेवून जा रे! भरल्या ताटावरून उठू नये."

पण तो गेलाच. थोड्या वेळानं पोलिसांच्या गोळ्यांचे आवाज आले. बाईनं दार लावलं नि देवापुढं बसली.

मग संचारबंदी. दोन दिवसांनी माझ्यातला भात आंबला. बाईनं तो रडत रडत टाकला, मला घासली, नि पाणी निथळायला म्हणून फळीवर पालथी घातली. बाहेर धाडधाड धावपळ चालली होती, डोकं ठिकाणावर कुणाचं होतं? नियम तिचाच, नि मोडला तिनंच, तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

चार दिवसांनी दौलत परतला. हा गणपतच्याच गावचा, त्याच्याच खोलीतला, नायगावला बहिणीकडे अडकून पडला होता. त्यानं फळीकडे पाहिलं. आठ-नऊ पितळ्या पालथ्या, गिरण्या बंद म्हणून निम्मी माणसं गावाला पळालेली. त्यांत मीही.

"गणपत गावाक गेलो वाटता," तो म्हणाला.

बाईनंही वर पाहिलं. "माझ्या पाठीमागं येऊन पालथी घालून गेला असेल बाबा. सुटला एकदाचा." स्वतःच्या हातची खूण तिनं गणपतची म्हणून वाचली. अहो, फळी कधी खोटं बोलली नव्हती ना! म्हणून त्याला शोधायला कुणी गेलं नाही. ना इस्पितळात, ना चौकीवर. मी पालथी पडून ओरडत होते, पण बडवल्याशिवाय आमचा आवाज निघत नाही.

तीन आठवड्यांनी दारात शांता उभी. काखेत मूल.

"ते घराक येवक नाय. कागद पण नाय. म्हणान मी इलंय."

बाईच्या हातातली पळी पडली. शांतानं फळीवर मला बरोबर ओळखली. "मगे ही पालथी कोणी घातल्यान?"

तेव्हा बाईला आठवलं. मी तिचं तोंड पाहिलं, पांढरंफटक. आता खरं सांगेल, आता सांगेल, असं मला वाटत राहिलं. माणूस घाबरला की आधी स्वतःचं अंग झाकतो. ती म्हणाली, "त्यानंच. गावाला जातो म्हणून गेला. माझ्या डोळ्यांची शपथ."

शांतानं मला पदरानं पुसून उताणी ठेवली, नि म्हणाली, "इले की जेवाक लागात."

शांता गावाला परतली. दौलतला मात्र चैन पडेना. तो इस्पितळात जाऊन आला. बेवारशी म्हणून ज्यांना आधीच अग्नी दिला होता त्यांच्या वस्तूंत त्याला एक पानतंबाखूची चंची सापडली, लाल दोऱ्यानं शिवलेली. शांताच्या हातची, गणपतच्या कमरेला कायम असायची. ती आणून त्यानं बाईपुढं ठेवली. बाईनं दौलतचे पाय धरले. "मी शपथ घेतली रे! तिला आता कुठल्या तोंडानं सांगू? कळलं तर माझ्या हातचं कोण जेवेल?" दौलतनं तिचं मीठ खाल्लेलं. तो गप्प बसला, नि महिन्याभरात चिंचपोकळीला राहायला गेला. चंची बाईच्या पेटीत आहे.

गावात काय झालं असेल? लोक म्हणाले, गणपतनं मुंबईत दुसरी केली. शांता अजून कुंकू लावते. दर शिमग्याला कुणाच्या तरी हाती निरोप पाठवते, "तेंका सांगा, मी रागावलंय नाय. एकदा तोंड दाखवा." बाई निरोप ऐकते नि चुलीकडे वळते. त्या दिवशी तिचा भात करपतो.

यंदा एक मेला महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. गल्लीत तोरणं लागली, पेढे वाटले. नाक्यावर कुणीतरी गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचली. बाई दारात उभी राहून शेवटच्या नावापर्यंत ऐकत होती. गणपतचं नाव आलं नाही. येणार कसं, तो गेला हे सांगितलंय कुणी? ती आत आली, एक पेढा माझ्यात ठेवला नि पेटीवर हात ठेवून बसून राहिली. पेटी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी पेढ्याला मुंग्या लागल्या.

बाई आता बोलायची नाही, हे मला कळून चुकलंय. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी तळकोकणात गेलात, आणि कपाळभर कुंकू लावलेली, काठावरच्या नावाची शांता तुम्हाला भेटली, तर तिला एवढंच सांगा. तुझ्या घोवानं पितळी पालथी घातली नव्हती. भात झाकून ठेवायला सांगून गेला होता.