लोणखेड्याचा नारळ

मंगळवारी सकाळी सात वाजता लोणखेड्यात लोटन पाटलांनी दारापुढे नारळाचे रोप लावले. साल १९३७, महिना सप्टेंबर. पत्नी धनुबाईंच्या भावाने ते अलिबागहून आणून दिले होते आणि भाऊबीजेला येऊन पाहीन, असे सांगून तो गेला होता.

लोटन केळीचे बागायतदार. त्यांनी केळीच्या कंदासारखेच रोप खोल पुरले. तिसऱ्या आठवड्यात मधला कोंब पिवळसर दिसू लागला. कोकणात काही वर्षे गवंडीकाम केलेले शहाद्याचे अनीस मिस्त्री रोप पाहून हसले.

"पाटील, नारय केयसारखा लावतस का? येनी मान माटीमा शे."

माती उकरून मान, म्हणजे कोंब फुटतो तो भाग, मोकळी केली. कोंब आतून कुजला असेल तर हलके ओढताच हातात येतो, असेही मिस्त्रींनी सांगितले. लोटन पुढे झाले, तशा धनुबाई आडव्या आल्या.

"ओढानं नही. तुम्ही बैल लेतांनाबी शेपूट ओढी पाहतस."

"मंग जित्तं शे का नही, कसं समजी?"

मिस्त्रींनी कोंबावर आणि शेजारच्या पानावर काजळाची एकच आडवी रेघ ओढली. कोंब वाढला, तर त्याच्यावरची रेघ वर सरकणार होती.

नवव्या दिवशी ती जवाच्या दाण्याएवढी वर दिसली. धनुबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवली. पण कुजका कोंब कोणी ओढला, तरी रेघ वरच सरकते, हे आठवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

"मी हात लावा नही," लोटन म्हणाले.

भाऊबीजेला चार दिवस उरले होते. कोंब पिवळसरच होता.