झाकलेला जिना

शाहूपुरीतल्या विजयसिंहांच्या ड्रॉइंग ऑफिसात बावीस वर्षं एकच नियम होता: खोडायचं नाही, झाकायचं. गिऱ्हाईक आज खिडकी नको म्हणतं, उद्या बायकोला विचारून येतं आणि तीच खिडकी मागतं. नियम राजशेखरचा. रोज कुरुंदवाडहून एसटीनं येणारा हा ड्राफ्ट्समन कॉम्प्युटरवरची नको असलेली वस्तू अदृश्य करून ठेवायचा. वस्तू फाईलमध्ये असायची, दिसायची तेवढी नाही. गावात बऱ्याच गोष्टी अशाच असल्यानं कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

सात वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाच्या मालकाला मागच्या जिन्याच्या जागी आइस्क्रीमचं काउंटर हवं होतं.

"साहेब, वरच्या हॉलला एकच जिना?" राजशेखरनं विजयसिंहांना विचारलं होतं.

"माणसं लग्नाला जेवायला येत्यात. पळायला न्हाय."

राजशेखरनं जिना झाकला. शेजारी एक ओळ लिहिली, 'साहेबांच्या सांगण्यावरून काढला', त्याच ओळीत तारीख टाकली आणि ती ओळही झाकली. पुढं महापुरात ऑफिसातले कागद गेले. राजशेखर निर्धास्त होता. ओळ आत आहे की.

गेल्या सोमवारी त्या कार्यालयात स्वयंपाकघरातला धूर वर चढला आणि चारशे माणसं एका जिन्यावर आली. अकराजण दवाखान्यात आहेत. नवरीची आत्या अजून शुद्धीवर नाही. चौकशी समितीनं मूळ फाईल मागितली.

मंगळवारी साहेबांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा माऊस हातात धरला. "झाकायचं कसं, तेवढं दाव." राजशेखरला बरं वाटलं. त्यानं नीट शिकवलं.

शुक्रवारी साहेब म्हणाले, "फाईल लई जड झालीया. समितीला स्वच्छ द्यायची. लपलेलं सगळं काढून टाक."

तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या पूर्णिमानं नेमका तसा प्रोग्राम करून ठेवला होता. "काका, एक बटण दाबायचं. जुन्या कॉपीपण त्यातच घेतल्यात. एकत्र बांधलेल्या ब्लॉकच्या आत लपलेलंसुद्धा निघतं."

"साहेब, त्यात मागचा जिना हाय," राजशेखर म्हणाला.

"कुठं हाय? दाव की."

"दिसत न्हाय. आत हाय."

"मग न्हायच म्हणायचं." साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. "पोरीला कशाला दाबायला लावतोस? तूच दाब. घरचा माणूस तू."

फाईलची कॉपी काढून ठेवायला ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्ह होता. ड्रॉवरला साहेबांचा गुडघा टेकला होता. राजशेखरनं नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला. त्यानं चहा घेतला. मग बटण दाबलं.

पडद्यावर आलं: लपलेल्या सत्तावीस वस्तू काढल्या.

राजशेखरनं पुटपुटत मोजलं. बावीस पायऱ्या, दोन कठडे, वळणावरचा एक चौक, एक ओळ. सव्वीस.

"काका, एक जास्त कसली?" पूर्णिमानं विचारलं.

त्यानं ड्रॉइंगचा खालचा कोपरा मोठा करून बघितला. तिथं नावाच्या चौकटीत दोन ओळी असायच्या. वरची जागेवर होती: 'आरेखन: राजशेखर'. खालच्या, 'मंजुरी: विजयसिंह' लिहिलेल्या ओळीच्या जागी पांढरं होतं.

"लई झाक शिकवलंस," साहेब उठत म्हणाले. "समितीपुढं सोमवारी अकराला हजर ऱ्हा. तुलाच बोलावलंय."

जाताना त्यांनी चहाचे कप उचलायला सांगितले.