अकरा हजार विटा

खोटं लिहिलंय तुम्ही. तोंडावर सांगतो. तुमच्या त्या गेम इंजिनच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरच्या, पहिल्याच पानावर छापलंत, ‘अनुभवाची गरज नाही, पहिली लेव्हल एका दुपारी.’ आणि एका गवंड्यानं, माझ्या शेजारच्या मिस्तरीनं, ते खरं मानलं.

तीस वर्षं भिंती रचून मिस्तरीचे गुडघे कामातून गेले होते. परांचीवर चढणं बंद झालं होतं. बसून करायचं काहीतरी तो शोधत होता, तेवढ्यात तुमची जाहिरात दिसली: आमच्या खेळासाठी एक घर बांधून पाठवा, आवडलं तर कामावर घेऊ. मुदत महिनाअखेर, संध्याकाळी पाच.

“घर? हा तर माझ्या हातचा मळ,” तो बायकोला म्हणाला.

‘आधी भिंत उभारा’ एवढंच तुमच्या पानावर होतं. कशी, ते नव्हतं. मग त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याच्या पद्धतीनं उभारली. एक वीट केली, तिची नक्कल शेजारी ठेवली, मध्ये मसाल्याची फट सोडली. थरावर थर चढवले. सांध्यावर सांधा एकदाही येऊ दिला नाही. जमिनीखाली पायासुद्धा भरला. थापी धरणाऱ्या मुठीत माउस नीट बसेना, मनगट ठणकायचं.

“अहो, खरी भिंत असती तर एव्हाना रंग देऊन झाला असता,” बायको म्हणायची.

“मग पाया कच्चा ठेवू?”

“तिथं पाया कोण बघणारे?”

“मी.”

शेवटच्या दिवशी तीन वाजता कॉम्प्युटरनं मान टाकली. खेळातला माणूस दारातच उभा, पाय उचलेना.

“ह्याचेही गुडघे गेले,” मिस्तरी म्हणाला.

लेक कामावरून आली ती तशीच खुर्चीमागे थांबली. “बाबा, ह्या सगळ्या सुट्या विटा आहेत?”

“मग भिंत कशाची असते?”

ती हसली नाही, तेच त्याला लागलं. “एक खोका ओढायचा, बाबा. वर विटांचा फोटो चिकटवायचा. अकरा हजार विटा कुठलं मशीन उचलेल?”

“आणि आत?”

“आत काहीच नसतं.”

साडेचारला त्यानं भिंती पुसल्या. वीस दिवस एका बटणात गेले. पाया पुसताना तेवढा हात अडला, मग तोही पुसला. चार खोके ओढून फोटो चिकटवायला सहा मिनिटं लागली. माणूस तुरुतुरु घरात शिरला. पाचाच्या आत लेकीनं पाठवून दिलं.

आठवड्यानं तुमचं पत्र आलं. नापसंत. ‘भिंती पोकळ वाटतात. बांधकामाची जाण कमी दिसते.’

लेकीनं ते दोनदा वाचून दाखवलं. मिस्तरीनं फक्त मनगट चोळलं आणि कॉम्प्युटरवर फडकं टाकलं. परवापासून ते तसंच आहे.

भिंत म्हणजे खोका, ही एक ओळ पहिल्या पानावर का नव्हती? आणि जाण कुणाची कमी? उत्तर द्या. मला नको, त्याला द्या.